डिसेंबरचे शुक्रवार

खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि वर आमची आई पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. हातात जपमाळ. म्हणजे आता कुणी काही बोलायचं नाही, प्रार्थना चालू आहे. ओठ काही हलत नव्हते, मणी मात्र एकेक करून पुढे सरकत होते. मी ओळखून आहे तिला. पन्नास वर्षं ओळखून आहे.

"आई, ऊठ. सामान बांधायचंय. तूच म्हणालीस ना, डिसेंबर लागला की येते? लागला आज डिसेंबर."

"आज मंगळवार हाय."

"मग?"

"नाताळाच्या महिन्यात मंगळवारी मी कशाला हात लावत न्हाय. चार शुक्रवार होऊ दे. मग बघू."

डोकं फिरतं की नाही माणसाचं? इमारतीच्या जिन्यात लाल अक्षरांत 'धोकादायक' लिहून चार महिने झाले होते. वर आठ बिऱ्हाडं होती, त्यांतली सात निघून गेली. खालच्या यंत्रमागाच्या कारखान्यातले लूम शेठनं वर्षापूर्वीच भंगारात काढले आणि शटर ओढलं ते ओढलंच. रात्री त्या अख्ख्या इमारतीत एकटी माझी आई, वय एकोणऐंशी, आणि डोक्यावर फुगलेला स्लॅब. इकडे कल्याण रोडला माझ्या घरी लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, लेक नोकरीला बंगळुरूला गेल्यापासून एक अख्खी खोली रिकामी आहे. रिक्षानं वीस मिनिटं. पण नाही.

मी वैतागून उठले. उठताना भिंतीचा आधार घेतला आणि तळव्याला ती लव लागली. पिस्ता रंगाच्या भिंतीतून उगवलेली, वाळून ताठ झालेली बारीक कापसाची लव. हात झटकला तरी खाज जाईना. आणि मी, टेम्पोवाल्याला तासाचा वायदा केलेली बाई, तिथंच भिंतीवर हात फिरवत उभी राहिले.

भिवंडीत वाढलेल्या माणसाला कापूस काय असतो ते वेगळं सांगावं लागत नाही. तो आमच्या भातात असायचा, डोळ्यांच्या पापण्यांवर असायचा, वाळत घातलेल्या गणवेशावर असायचा. खाली चोवीस लूम दोन शिफ्टमध्ये खटाखट चालायचे आणि त्यांच्या सुताची लव जिन्यानं, खिडकीनं, फरशीच्या फटीतून वर यायची. पप्पा त्याच कारखान्यात लूमदुरुस्तीचे मिस्त्री. संध्याकाळी वर आले की भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. आई दारातच त्यांना फडक्यानं झटकायची, सतरंजी झटकतात तसं. सुताला लावतात त्या खळीचा आंबूस वास त्यांच्या अंगाला असायचा, आंघोळ केली तरी असायचा.

आणि आवाज! त्या आवाजात आम्ही बोलत नव्हतो, ओरडत होतो. "मीठ दे" हेसुद्धा ओरडून. आई पळी आपटायची. एकदा आपटली तर जेवायला या, दोनदा तर अभ्यासाला बसा, आणि सारखी आपटत राहिली तर पळून जा. नवीन माणूस आमच्याकडे आला की त्याला वाटायचं, या घरात कडाक्याचं भांडण चाललंय. माझा आवाज अजून तसाच आहे. शाळेच्या ऑफिसात मी फोनवर बोलले की शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणतात, फोन कशाला करताय, खिडकीतून बोला.

आठवड्यातून एक दिवस हे सगळं थांबायचं. शुक्रवार. लूमची सुट्टी. पहाटे जाग यायची ती शांततेनं, कुणीतरी हलवून उठवल्यासारखी. कानात नुसतं भणभणायचं. मग हळूहळू एकेक आवाज यायला लागायचा, नळाचा, कावळ्याचा, शेजारच्या शकीलाचाचीच्या बांगड्यांचा. पप्पा चहा पिताना फुर्रर करतात हे मला शुक्रवारीच कळलं होतं.

त्यामुळे आमचा नाताळ शुक्रवारांत बसवलेला. बाकीच्या दिवशी ओलं काही उघडं ठेवायची सोयच नव्हती. करंज्या वाळवल्या तर त्यांना दाढी यायची. केकचं पीठ फेटलं तर वर साय धरावी तशी लव धरायची. म्हणून डिसेंबरचा पहिला शुक्रवार झाडझूड, दुसरा रंग, तिसरा फराळ, आणि चौथा बाळ येशूचा गोठा नि चांदणी. अख्ख्या जगात येशूचा जन्म पंचवीस तारखेला होतो, आमच्याकडे त्याला आधी लूमची सुट्टी बघावी लागायची.

"बरं बाई," मी आईला म्हटलं. "चार शुक्रवार. त्यानंतर एक दिवससुद्धा नाही."

"न्हाय," आई लगेच म्हणाली. फारच लगेच.

टेम्पोवाल्याची समजूत घालून त्याला परत पाठवला आणि मी रिक्षात बसले. राजनोली नाक्याच्या अलीकडे गाडी अडकली, तेव्हा मोबाइलवर कॅलेंडर उघडून बघितलं. चौथा शुक्रवार पंचवीस तारखेला होता. म्हातारीनं नाताळ त्याच खोलीत करायचं आधीच ठरवून ठेवलं होतं आणि मी बावळटासारखी हो म्हणून आले होते. रिक्षातच मी कपाळावर हात मारून घेतला. रिक्षावाला आरशातून म्हणाला, "क्या हुआ मॅडम, कुछ भूल गये?"

पहिल्या शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. आई डोक्याला फडकं बांधून तयारच होती. मला काठीला बांधलेला झाडू दिला. "वरची लव काढ."

"कुठे आहे लव? लूम बंद होऊन वर्ष झालं."

"काढ म्हणते ना."

काढली. काय निघालं? कोळ्याची दोन जाळी. पूर्वी याच दिवशी टोपलीभर कापूस निघायचा. पंख्याच्या पात्यांवरून, ट्यूबलाइटवरून, येशूच्या पवित्र कुटुंबाच्या तसबिरीमागून. आई तो फेकू द्यायची नाही. धुऊन, पिंजून, निळीच्या पाण्यातून काढून तो गोठ्याच्या छपरावर बर्फ म्हणून पडायचा. आमच्या चर्चमधली बाकीची मुलं केमिस्टकडून कापसाची गुंडाळी आणायची, आणि मी त्यांना तुच्छ समजायची. आमच्याकडे बर्फाची काय कमी! गव्हाण म्हणून पप्पांनी एक तुटका धोटा ठेवला होता, तो लूममधला सूत वाहणारा लाकडी होडीसारखा. त्याच्या पोकळीत बाळ येशू नेमका मावायचा, फक्त पाय थोडे बाहेर. "थंडीत पाय उघडे नकोत," म्हणून आई त्याच्या पायांवर सुताची दोन टोकं टाकायची.

दुसऱ्या शुक्रवारी तिनं रंगाचा डबा काढला. आता मात्र मी भडकले.

"पाडायच्या घराला रंग? लोक हसतील, आई."

"लोक हायत कुठं हसायला?"

सुधीर सोबत आला होता. माझा नवरा; शाळेत गणित शिकवतो, शांत माणूस. तो बाह्या सरसावून म्हणाला, "द्या इकडे ब्रश, मी मारतो." झालं. आई एकदम उठून उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला. "छे छे, जावईबापूंनी कशाला? बसा तुम्ही. चहा टाकते."

हे एक सव्वीस वर्षांचं दुखणं आहे. आमचं लग्न झालं तेव्हा दोन्ही घरांत जे व्हायचं ते होऊन गेलं, मी त्यात आता शिरत नाही. सुधीर गणपतीवाला, आम्ही चर्चवाले. पण पुढे आईला जावई आवडला, आणि आवडला तरी तो जावईच राहिला. तो आला की ही उभी. तो जेवेपर्यंत ही जेवणार नाही. आणि त्याच्या घरी, म्हणजे माझ्या घरी, ती येणार ती चहापुरती. लेक झाली तेव्हा सुद्धा बाळंतपणाला मीच या खोलीत आले होते. मी तापानं फणफणले की ती डबा घेऊन यायची, डोक्यावर पट्ट्या ठेवायची आणि दिवेलागणीला निघायची. एक रात्र नाही काढली. जावयाच्या घरी आईनं राहायचं नसतं म्हणे. हे बायबलात कुठे लिहिलंय ते मी तिला कितीदा विचारलं. ती म्हणते, सगळं लिहून ठेवत न्हायत.

शेवटी तह झाला. फक्त गोठा ठेवतो ती एक भिंत मी रंगवायची, सुधीरनं चहा प्यायचा. मी पत्र्याच्या पट्टीनं भिंत घासायला घेतली आणि लव काही निघेना.

ही लव एका गुरुवारची आहे. पप्पांना काय घाई झाली होती ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवसाची शांतता गोठा करण्यात घालवायची होती, असं काहीतरी असेल. गुरुवारी सकाळची शिफ्ट करून आले, आईचं काही न ऐकता पिस्ता रंगाचा डिस्टेंपर कालवला आणि दुपारी अख्खी भिंत फासून काढली. काय सुरेख दिसत होती! तासाभरानं तिच्यावर मिसरूड फुटली. संध्याकाळपर्यंत भिंत पीचच्या सालीसारखी केसाळ. आईनं दारात उभं राहून एवढंच म्हटलं, "आज वार कोण्चा?" पप्पा आत गेले, दाढीचं सामान घेऊन आले, आणि भिंतीची दाढी करायला बसले. शपथेवर सांगते. वाटीत पाणी, हातात रेझर, वरून खाली. दोन हात जागा झाली आणि पातं बोथट झालं. मी नि शकीलाचाचीच्या मुली जिन्यात पोट धरून हसत होतो. चाची आईला म्हणाली, "मेरी, तुम्हारे मियाँ दीवार की हजामत बना रहे हैं!" आई चिडलेली होती, पण तिनं तोंडावर पदर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते.

मी घासायचं सोडून तशाच लवेवर रंग मारला. सुधीरनं दुसरा चहा घेतला.

तिसरा शुक्रवार फराळाचा. आता हा वास कसा सांगू? ओल्या खोबऱ्याचं सारण परतल्याचा, वेलचीचा, तापलेल्या तुपाचा, आणि त्याला खालून येऊन मिसळलेला मशीनच्या तेलाचा. जगातल्या कुठल्याही घरात मला तो वास पुन्हा आलेला नाही, कारण मशीनचं तेल कुणी सारणात घालत नाही. शुक्रवारी पप्पा घरी असायचे. आई लाटायची, पप्पा सारण भरायचे, मी कलकल वळायची. मैद्याची छोटी गोळी नव्या कोऱ्या कंगव्यावर अंगठ्यानं दाबायची आणि उलटी वळवायची, की रेघारेघांची शिंपली तयार, मग ती तळायची. कंगवा दर वर्षी नवा. नाताळानंतर तो माझ्या केसांना मिळायचा, आणि जानेवारीभर माझ्या वेणीला मैद्याचा वास.

आणि पप्पा बोलायचे. आठवड्याचे सहा दिवस कारखान्याच्या आवाजात तोंड मिटून काम केलेला माणूस शुक्रवारी करंज्या भरताना घडाघडा बोलायचा. कुठला सुताचा बीम कसा अडकला, कोण गावी गेला, कुणाला मुलगा झाला. एरवीच्या सवयीनं ओरडूनच सांगायचे, आई त्यांच्या मनगटावर चापटी मारायची, "हळू, आज लूम बंद हायत." मग आवाज खाली यायचा. तेवढ्या हळू आवाजात माझे आईवडील एकमेकांशी बोलताना मी दुसऱ्या कुठल्या दिवशी ऐकले नाहीत.

केक घरी भाजायचा नाही, भट्टीवर पाठवायचा. मनुका नोव्हेंबरपासून रममध्ये बुडवलेल्या असायच्या, त्या घालायच्या आधी आई एक डबा वेगळा काढायची. त्यात नुसत्या धुतलेल्या मनुका. तो शकीलाचाचीचा. त्याच्या कडीला हिरवा दोरा. पावाच्या बेकरीत पप्पा दोन्ही डबे डोक्यावर घेऊन जायचे आणि भट्टीवाल्याला दहादा बजावायचे, "भाई, हरा धागावाला अलग रखना." केक यायचा तो खारी बिस्किटांच्या शेजारी भाजलेला. थोडा खारीसारखा लागायचा. विकतचे केक मला अजून अपुरे वाटतात ते त्याचमुळे.

मग ताटं निघायची. क्रोशाचे रुमाल टाकून, बाकीच्या सातही खोल्यांत. आई स्वतः दारादारात जायची, मला हात लावू द्यायची नाही. धुवट पातळ, कपाळ घामानं चमकणारं, आणि चेहऱ्यावर असा तोरा की जणू सगळ्या भिवंडीला तीच जेवू घालतेय. "आमचा नाताळ हाय," एवढंच म्हणायची. वर्षभर लोकांच्या ईदची खीर, दिवाळीची चकली घेतलेली असायची. त्या दिवशी ती देणारी असायची.

तर या वर्षीच्या तिसऱ्या शुक्रवारी मी ओट्याशी मैदा मळत होते आणि आई खाली पाटावर बसून खोबरं खवत होती. मी पाण्याचा तांब्या मागितला. ती उठली, दोन पावलं आली, आणि मागे धाडकन आवाज झाला. वळून बघते तर पाटावर स्लॅबचा ताटाएवढा पापुद्रा. खवणीचा पाय मोडलेला. खोबऱ्यात सिमेंट. वर गंजलेली सळई उघडी पडलेली.

आईनं छातीवर क्रूस केला. आणि मग काय म्हणावं तिनं? "दुसरा नारळ फोडते."

मी किती ओरडले ते मला माहीत नाही. जे तोंडात येईल ते बोलले. म्हटलं, तुला मरायचंय का? मला काय तुझं मढं या ढिगाऱ्यातून काढायला लावायचंय? माझी झोप उडालीय चार महिने, रात्री फोन वाजला की हातपाय गार पडतात, तुला त्याचं काहीच नाही? चार शुक्रवार म्हणे! कसले शुक्रवार? लूम नाहीत, लव नाही, पप्पा नाहीत, माणसं नाहीत. रिकाम्या इमारतीत करंज्या करून कुणाला देणार आहेस, घुशींना?

सगळ्या रिकाम्या खोल्यांतून माझाच आवाज परत येत होता. आई भिंतीला टेकून उभी होती.

"तुझ्या घरी येऊन मी काय करू?" ती म्हणाली. "जेवण मिळंल. गादी मिळंल. जावई देवमाणूस हाय, न्हाय म्हणत न्हाय मी. पण तुझ्या घरात नाताळ असतो का? सांग. सव्वीस वर्षांत एकदा तरी कढई ठेवलीस? गोठा मांडलास? मी तिथं येऊन बसले, की माझ्या आयुष्यातला नाताळ सरला. मग मी नुसती कुणाच्यातरी घरी ठेवलेली म्हातारी."

खरं होतं. माझ्या घरात गणपती बसतो, दिवाळीचा कंदील लागतो, आणि नाताळाला मी सकाळी कुलूप लावून आईकडे येते. मला वाटायचं, मी आईचा मान राखते. तिच्या घरचा सण तिच्या घरी. ताटं आयती, केक आयता, गोठा आयता. सव्वीस वर्षं मी माहेरवाशिणीसारखी येऊन खाऊन गेले आणि त्याला प्रेम म्हणत राहिले. मलाच माझा राग आला. तो राग घेऊन मी हात धुतले, आईला बळंच खोलीच्या पुढच्या भागात झोपायला लावलं, जिथला स्लॅब जरा बरा आहे, आणि घरी आले.

पाच दिवस मी तिला फक्त सकाळ-संध्याकाळ फोन केला. आहेस ना? आहे. जेवलीस? जेवले. ठेवते.

चोवीस तारखेला गुरुवार. मी रजा टाकली आणि माझ्या ओट्यावर मैदा काढला. सुधीर शाळेच्या सुट्टीमुळे घरी होता. त्याला सांगितलं, कलकल वळायच्या. त्यानं चष्मा पुसला, पट्टी आणली, आणि सगळ्या गोळ्या सारख्या मापाच्या हव्यात म्हणून मोजून कापायला बसला. कंगवा आणायला मी विसरले होते. तो काट्याच्या चमच्यावर दाबत होता आणि गोळी काट्यात अडकत होती. पहिला घाणा तळला. दगड. दुसरा सुटून तुपात विरघळला. सारण करपलं होतं. ओटा, फरशी, सुधीरचा चष्मा, सगळं मैद्यानं माखलेलं. सकाळपासून खपून डब्यात ठेवण्यासारखी एक वस्तू झाली नव्हती आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. मी आईला फोन लावला.

"आई, कलकलचं पीठ बिघडलंय. काय करू?"

"कसलं पीठ? आज गुरवार हाय. गुरवारी कोण तळतं?"

"मी तळतेय."

"कुठं?"

"माझ्या घरी."

पलीकडे जपमाळ खाली ठेवल्याचा आवाज आला.

"किती मैदा घेतलास?"

"दोन किलो."

"दोन किलो! खाणार कोण?"

"आमच्या मजल्यावर चार घरं आहेत. खालच्या मजल्यावर चार. वॉचमनची दोन पोरं आहेत. ताटं नकोत पाठवायला?"

"तुपाचं मोहन कडकडीत घातलंस की थंड?"

"थंड."

"अगं देवा! हात लावू नको आता कशाला. ओलं फडकं टाकून ठेव. येते मी."

पाऊण तासात आली. एकटी, रिक्षानं, काखेत तिचं लाटणं आणि दुकानाच्या पिशवीत नवा कोरा कंगवा. आल्या आल्या स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि सगळ्या सत्यानाशाकडे बघितलं. सुधीर सवयीनं उठून उभा राहिला. मी वाट बघत होते, आता ही पदर घेईल, छे छे म्हणेल.

तिनं ताटातली एक कलकल उचलली, दातानं फोडून बघितली, फुटेना, परत ठेवली.

"ह्या काय कलकल हायत? गोफणीचे दगड हायत. सरका तिकडं."

सुधीर सरकला.

"सरका म्हणजे पळून जा न्हाय. बसा. हा कंगवा धरा. अंगठ्यानं दाबा. अंगठ्यानं हो! पोरांना काय शिकवता शाळेत?"

सुधीरनं माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत त्याला या बाईनं पहिल्यांदाच झापलं होतं, आणि त्याचा चेहरा असा फुलला की मला हसावं की काय करावं कळेना. दुपारभर ती त्याला झापत होती. हे जाड झालं, हे बारीक, मनात काय हिशेब करता, हातानं करा. मला तर विचारूच नका. मी त्या दिवशी ऐकलेलं सांगितलं तर ऑफिसातल्या मॅडमना बरं वाटेल. माझी कढई पातळ, माझा गॅस मंद, माझे डबे तेलकट, माझं वळण कुठलं कोण जाणे. मी उलट बोलत होते, ती त्याच्यावर बोलत होती, तूप कडकडत होतं आणि घरात वेलचीचा वास भरला होता.

पाच वाजता तिनं तोंड धुतलं, केस सारखे केले, आणि ताटं घेऊन निघाली. मी लिफ्टचं बटण दाबायला गेले तर म्हणाली, जिन्यानं जाते, मधली घरं सुटायला नकोत. तिला एकही माणूस माहीत नव्हता त्या बिल्डिंगमध्ये. दहा मिनिटांनी आम्हाला वर ऐकू येत होतं, दुसऱ्या मजल्यावर कुणाच्यातरी दारात तिचं चाललंय, "तिसऱ्या मजल्यावरची मी. खोबरं ताजं हाय, दोन दिवसांत संपवा."

परत आली तेव्हा बाहेर अंधारू लागलं होतं. सोफ्यावर बसून पाय चोळत होती. मी सवयीनंच पायात चप्पल घातली, पर्स घेतली. इतकी वर्षं या वेळी मी हेच करत आले.

"चल आई, सोडते तुला. उशीर नको."

ती पायच चोळत राहिली. वर बघितलं नाही.

"चर्चच्या रात्रीच्या मिस्साला गुडघे ऐकायचे न्हायत माझे. सकाळच्या मिस्साला जाऊ, इथनं जवळ पडंल," ती म्हणाली. मग अगदी हळू, "माझं अंथरूण कुठं घालतेस?"

मी चप्पल काढली आणि आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. चादरी कुठल्या खणात असतात ते मला आठवेना. माझ्याच घरात, मीच लावलेल्या कपाटात, मला एक चादर सापडत नव्हती. सुधीर मागे येऊन उभा राहिला. "बघतोस काय? गादी काढ!" मी त्याच्यावर खेकसले, आणि त्यानं तोंड बघू नये म्हणून कपाटात डोकं घातलं.